सौंसरचा रविवार

मुलीला घरीच शिकवायचं ठरवलं तेव्हा मला गणिताची भीती वाटली होती, खो-खोची नाही. पण खो-खोला माणसं लागतात, आणि आमच्या घरात दिवसभर दोनच माणसं असतात, ती आणि मी. शिक्षिका मी, मैत्रीण मी, विरुद्ध संघही मीच. ती अकरा वर्षांची झाली तोवर माझा जीव मेटाकुटीला आला होता. तिला मैत्रिणी हव्या होत्या आणि मला तिच्यापासून दोन तासांची सुटका.

पांढुर्ण्यात शोधून पाहिलं. स्काऊट-गाइडचं पथक शाळेशी बांधलेलं, त्यामुळे फोनवर पहिलाच प्रश्न, "बच्ची किस स्कूल में है?" घरी शिकते म्हटलं की पलीकडचा आवाज एकदम हळवा व्हायचा, जणू पोरीला काही आजार आहे. कराटेच्या क्लासात ती महिनाभर गेली. तिथे मुलं ओळीनं लाथा मारायची आणि घाम पुसत घरी जायची, कुणी कुणाशी बोलायचं नाही. मोहल्ल्यातलं युवा मंडळ गणपतीत जागं होतं आणि विसर्जन झालं की झोपतं.

शेवटी सौंसरचं एक पथक कळलं, कुठल्याही शाळेचं नसलेलं, रविवारी भरणारं. म्हणजे सुटीच्या दिवशीही लवकर उठून डबा करा, बस धरा. नवरा संत्र्याच्या तोडणीत अडकलेला. मी तिला सांगून टाकलं, "हे शेवटचं. इथंही नाही जमलं तर जूनमध्ये तुला शाळेत घालते." दुसरीत असताना शाळेत ती हळूहळू बोलायचीच थांबली होती, म्हणून तर तिला काढलं होतं. ते दोघींनाही आठवत होतं.

पहिल्याच रविवारी पथकाच्या ताईंनी मुलींना रांगेत उभं केलं आणि 'सावधान' म्हटलं. सगळ्या ताठ झाल्या. आमची म्हणाली, "काहून?"

आमच्या घरचा नियमच तो, कारण कळल्याशिवाय काही करायचं नाही. त्याचा मला केवढा तोरा होता. मुली फिदीफिदी हसल्या, तिचे कान लाल झाले आणि मी उठून थेट रांगेपाशी गेले. आम्ही तिला असं का शिकवतो ते ताईंना समजावू लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, सगळं तुम्हीच बोलून राहिल्या तं पोरगी काय बोलन? तिकडं निंबाखाली बसा ना."

मला राग आला. पण थकलेही इतकी होते की जाऊन बसले.

निंबाखालून ऐकू काही येत नव्हतं, फक्त दिसत होतं. पथकात मुलींच्या लहान लहान टोळ्या होत्या; तिच्या टोळीची प्रमुख लोधीखेड्याची एक दोन वेण्यांची मुलगी होती. दोघींचं गाठी शिकायच्या दोरीवरून भांडण जुंपलं, अगदी हातवारे करून. मी उठले, पुन्हा बसले. पुढच्या रविवारीही त्या भांडल्या. त्यानंतरच्या रविवारी मात्र डबे उघडल्यावर त्या पोरीनं माझी वांग्याची भाजी बोटं चाटत संपवली आणि माझ्या मुलीनं तिचा झुणका. मग एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "एवढ्या काय हसून राहिल्या होत्या गं?"

"सांगता येत नाही."

"काहून?"

"आमच्या टोळीतलं आहे ते."

आजवर तिनं माझ्यापासून काही लपवलं नव्हतं. गुपित सांगायला दुसरं होतंच कोण? मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. मी मान मागे टेकवली आणि गाढ झोपले.

पांढुर्णा आल्यावर तिनंच मला हलवून उठवलं. डब्याची पिशवी तिच्या खांद्यावर होती.

"पुढच्या रविवारी तू नाही आली तरी चालते," ती म्हणाली.