पाहुणीचं पहिलं कडवं

अन्याय झाला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींवर. कधी? १९९६ची दिवाळी सरल्यावरच्या पहिल्याच रविवारी, भर दुपारी, क्योतोतल्या आमच्या वस्तीच्या सभागृहात, सगळ्या हायकू-मंडळासमोर.

वहिनींचे पती विद्यापीठात पोस्टडॉक. वहिनी चिकाटीने जपानी शिकल्या आणि मंडळात जाऊ लागल्या. मी पीएचडीची विद्यार्थिनी, विद्यापीठात चळवळीची पत्रकं वाटणारी, त्या दिवशी सोबतीला गेले.

तिथली रीत मला पटली होती. हायकू चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही. दुसऱ्याने तो उतरवून काढायचा, म्हणजे अक्षरही ओळखू येत नाही. मग मतं. मतं मिळालेला हायकू वाचला जाईल, तेव्हाच कवीने आपलं नाव सांगायचं.

सर्वांत जास्त मतं पडली ती याला. मूळ जपानीत उटण्याच्या जागी ‘सणाचं सुगंधी पीठ’ होतं. मराठीत मी असा केला:

उटणे ओले
परक्या न्हाणीमध्ये
अजून रात

मत देणाऱ्यांत मंडळाचे गुरुजी, म्हणजे सेन्सेई, स्वतः होते. हे विसरू नका.

वहिनींनी नाव सांगितलं. सेन्सेईंनी ऋतुशब्दांचा कोश उघडला. “हायकूत ऋतूचा शब्द लागतो. हा सण कोशात नाही. वार्षिक अंकात घेता येणार नाही.”

मत देताना कोश कुठे होता?

मी उठले. वहिनींनी माझा स्वेटर ओढला. “बस गं! इथे तुझी पत्रकं वाटू नकोस.”

बसले नाही. म्हटलं, “सेन्सेई, हायकू आला साखळी-कवितेतून. अनेकांनी मिळून गुंफायची ती. पाच-सात-पाचचं पहिलं कडवं मानाच्या पाहुण्याचं, त्यात चालू ऋतू हवा. सात-सातचं उत्तर यजमानाचं. पुढे पहिलं कडवं एकटंच उभं राहिलं, तोच हायकू. पाहुणीने आपला ऋतू सांगितला. यजमान कुठे आहेत?”

“फार जुन्या गोष्टी काढता तुम्ही.”

“कोश तरी कुठे नवा आहे?”

कुणी हसलं नाही. चहा आला. अंक निघाला, वहिनींच्या कवितेशिवाय.

त्या दुपारी सायकल हातात धरून चालताना वहिनी एवढंच म्हणाल्या, “उत्तर देणार नसतील, तर मी कुणासाठी लिहू गं?” त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिलेली नाही.

मराठीत हायकू लिहून मिरवणाऱ्यांनो, यजमानाची जागा रिकामी आहे. सात-सात अक्षरांच्या दोन ओळी. कोश मिटा आणि वहिनींना उत्तर लिहा.