लुनातलं रॉकेल

पेट्रोलचा भाव वाढला. त्या संध्याकाळी माझ्या दिरांनी त्यांच्या बायकोच्या लुनात रॉकेल ओतलं.

ती बायको म्हणजे माझ्या जाऊबाई. मागच्या वर्षी त्या गेल्या. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी काही लिहायला बसते आणि दर वेळी सुरुवातीलाच तो वास येतो. दुसऱ्या चांगल्या आठवणी पुष्कळ आहेत. पण त्या वासाला ओलांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते.

आमचं घर सांगवीच्या शिवारात, कॅनॉलच्या कडेला. थोडा ऊस, बाकी भाजीपाला. घरात सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, थोरले दीर, त्या, माझा नवरा आणि मी. मी तेव्हा नवी सून होते. बी. ए. झालेली, हातात कायम पुस्तक, म्हणून घरात फारशी कुणाच्या उपयोगाची नाही. जाऊबाई नर्स होत्या. आरोग्य उपकेंद्रातून लसीची पेटी घ्यायची आणि वाड्या-वस्त्यांवर जाऊन पोरांना टोचायचं, हे त्यांचं काम. पेटीत बर्फ असे. तो विरघळायच्या आत सगळ्या वस्त्या गाठाव्या लागत, नाहीतर लस फुकट जाई. त्यासाठीच त्यांनी स्वतःच्या पगारातून लुना घेतली होती. पेटी पुढे पायाजवळ, साडीचा पदर कमरेला खोचलेला, अशा त्या बांधाबांधाने जात. मी कधी मागे बसून बारामतीला वाचनालयात जाई. त्या म्हणायच्या, "धाकटे, पुस्तक मिटून बस, न्हायतर उडून कॅनॉलात पडशील."

घरात दुसरी गाडी दिरांची मोटरसायकल. दिरांचं फिरणं असे. हे फिरणं म्हणजे काय, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून ते बारामतीच्या चौकात जात, हॉटेलात चार माणसांत बसत आणि दुपारी जेवायला परत येत.

भाव वाढल्याचं रेडिओवर ऐकलं तसं आबांनी ओसरीवर बैठक घेतली. बैठक म्हणजे आबा आणि दीर. माझा नवरा उंबऱ्यावर बसून पायाचं नख काढत होता. आम्ही दोघी आत भाकरी करत होतो, ऐकू सगळं येत होतं.

"घरात दोन गाड्या पेट्रोल पित्यात," आबा म्हणाले. "एकीला तरी कमी पाजा."

"माझं फिरणं हाय, आबा. चार माणसांत मोटरसायकल मधीच बंद पडली तर बरं दिसतं का?"

"मग?"

"लुना हाय की. बायकांची गाडी ती. रॉकेलवर बी पळती."

तव्यावरची भाकरी उलटताना जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "ऐकलंस? गाडीतबी बाई-बाप्या असतंय."

रेशनच्या रॉकेलचा डबा आमच्या चुलीशेजारीच असे. दिरांनी तो उचलला, अंगणात नेला आणि अर्धं रॉकेल, अर्धं पेट्रोल असं करून टाकी भरली.

अशी काटकसर त्या दिवसांत सगळ्या गावात चालली होती. कुणी उतार आला की इंजिन बंद करून गाडी सोडून देई, आणि पुढे चढावर उतरून ढकलत बसे. कुणी चालू होईना म्हणून स्कूटर आडवी पाडून टाकीतला शेवटचा थेंब खाली आणी. एक दूधवाला निमूट सायकलवर आला, तोच काय तो शहाणा. आमच्या पलीकडच्या घरी गाडीला चादर घालून ठेवली होती. रोज सकाळी चादर काढून किक मारत, इंजिन घरघरवत आणि पुन्हा चादर घालत, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. आणि फाट्यावरच्या टपरीसमोर चार-पाच जण चालू गाडीवर बसून, धूर सोडत, पेट्रोल किती महाग झालं यावर तासभर बोलत. मला ते दृश्य अजून आठवतं. एकानेही बोलता बोलता किल्ली फिरवून गाडी बंद केली नाही.

पण या सगळ्या काटकसरीची एक गंमत होती. घराघरांत ती खाली खाली सरकत जाई आणि शेवटी घरातल्या बाईपाशी येऊन थांबे. कुणाच्या बायकोचं माहेरी जाणं लांबे, कुणाची सून डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला चालत जाई. आमच्याकडे ती जाऊबाईंच्या टाकीत येऊन थांबली.

लुना रॉकेलवर पळाली, पण कशी. दर वस्तीला बंद पडे. प्लग काळा होई, तो काढून त्या पदराने पुसत. टाकीचं झाकण सैल होतं, खडकाळ वाटेला त्यातून थेंब उडत आणि निऱ्यांवर पडत. धूर तर सगळा अंगावर. संध्याकाळी त्या घरी आल्या की त्यांच्या आधी वास आत येई. शिकेकाईने केस धुतले तरी जाईना. साडी दोरीवर दोन-दोन दिवस राही, तरी जाईना. त्यांना स्वतःला त्याचा इतका वीट आला होता की जेवताना त्या डाव्या हाताने पदर मागे टाकत, नाकापासून लांब.

एकदा त्या घरी येऊन मला हसत सांगायला लागल्या. एका वस्तीवर एका बाळाला टोचायचं होतं. बाळाच्या आजीने बाळ मांडीवर घेतलं, टोचून झालं, पोर रडून गप्प झालं, तरी म्हातारी त्यांचा हात सोडेना. मग हळू आवाजात म्हणाली, "बाई, घरचं बरं हाय ना तुमच्या?"

"मी म्हणलं, बरं हाय की. तर म्हातारी म्हणती कशी, आमची थोरली बी असंच म्हणायची."

सांगताना त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. त्यांनाही मग आलं नाही.

आमच्याकडे तेव्हा लग्न झालेल्या बाईच्या साडीला रॉकेलचा वास याचा एकच अर्थ होता. स्टोव्हचा भडका झाला, असं म्हणत. कुठल्या गावी, कुणाची सून, हे बायका पाणवठ्यावर कुजबुजत आणि पुरुष ऐकलं न ऐकलं करत. जाऊबाई वस्तीवस्तीवर तोच वास घेऊन फिरत होत्या, आणि ज्या ज्या घरात पोर टोचलं त्या त्या घरात त्यांच्यामागे बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुढे पुढे त्यांनी पिशवीत दुसरी साडी ठेवायला सुरुवात केली. ओढ्याच्या आडोशाला ती बदलत. तरी हाताचा, केसांचा वास राहायचाच.

त्यांचं माहेर नरसिंहपूरकडचं, इंदापूर तालुक्यात. एवढ्या लांब बातमी कशी गेली मला ठाऊक नाही. अशी बातमी जातेच. एका सकाळी त्यांचा भाऊ एसटीने आला. उंच, सडपातळ माणूस, डोळे तांबारलेले. तो ओसरीवर बसला नाही. अंगणात दोरीवर बहिणीची साडी वाळत होती. तिच्यापाशी गेला, पदर हातात धरला आणि नाकाला लावला.

"पाव्हणं, बसा की. च्या घ्या," आबा म्हणाले.

"आक्का कुठाय?"

जाऊबाई बाहेर आल्या. हातात पेटी, निघायच्या तयारीत. त्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, हात उलटे-पालटे करून बघितले. मग म्हणाला, "चल घरी. आत्ता."

"अरं, लुनाचा वास हाय तो," त्या म्हणाल्या. "रॉकेल घालत्यात तिच्यात. पेट्रोल म्हाग झालंय ना."

"व्हय, लुनाचा हाय," दीर पुढे झाले. "काय बी मनात घेऊ नका. काटकसर सगळ्यांनाच हाय."

भाऊ लुनापाशी गेला, झाकण उघडलं, वास घेतला आणि मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरलेला मी बघितला. मग तो चार पावलं पुढे दिरांच्या मोटरसायकलपाशी गेला. तिचंही झाकण उघडलं आणि वाकून वास घेतला. बराच वेळ तो तसाच वाकलेला होता.

"दाजी," तो म्हणाला, "हितं न्हाय व्हय काटकसर?"

माझ्या नवऱ्याने खाली बघितलं. दीर म्हणाले, "इंजिन खराब हुतंय तिचं." हे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात म्हणून पाहिलं आहे. इंजिन खराब हुतंय तिचं.

जाऊबाई भावाबरोबर गेल्या नाहीत. "आज पोरं टोचायची हायत, बर्फ विरघळंल," एवढंच म्हणाल्या, आणि वाटेत त्याला लुनावर मागे बसवून फाट्यापर्यंत सोडून पुढे गेल्या. जाताना त्यांनी पंपावर टाकी मोकळी करून निव्वळ पेट्रोल भरून घेतलं.

त्या संध्याकाळी आबांनी निकाल दिला. "लुना बंद. गावभर बदनामी झाली आपली."

मला वाटलं होतं, रॉकेल बंद करतील.

"मग मी कामाला कशी जाऊ, आबा?"

"चालत जा. चालणाऱ्या बाईला कोण काय म्हणत न्हाय."

आणि लुना बंदच आहे तर तिच्यातलं पेट्रोल पडून उडून जाईल, म्हणून दिरांनी रबरी नळी आणली. एक टोक टाकीत घातलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. पेट्रोल तोंडात आलं तसं नळी डब्यात सोडली आणि पचकन थुंकले, तुळशीपासून हातभरावर. पुन्हा थुंकले. मग मागे न बघता हात मागे केला.

"गूळ आण गं, तोंडाची चव गेली."

त्यांच्या तोंडाला लागलेलं पेट्रोल सकाळी त्यांच्या बायकोने भरलेलं होतं. जाऊबाई आत गेल्या, गुळाचा खडा आणला आणि त्यांच्या हातावर ठेवला. दीर तो चघळत डबा मोटरसायकलपाशी घेऊन गेले. त्या अंगणात उभ्या राहून थुंकलेल्या जागेवर पायाने माती ओढत होत्या. मग मला म्हणाल्या, अगदी सावकाश, "धाकटे, मला आता किळस आली."

माझ्या इतक्या वाचनात तो शब्द इतका नेमका मला कुठे भेटला नव्हता.

पुढचे काही महिने त्या चालत जात होत्या. लांबच्या वस्त्यांवर पोचेपर्यंत पेटीतला बर्फ पाणी होई. मग लस फेकायची, आयांना सांगायचं, पुढच्या वेळी या. वरच्या साहेबांची बोलणी बसली. दिरांना कुणी सांगितलं की पेटीपुरतं तरी वहिनींना सोडून या, तर ते म्हणत, "माझी वाट येगळी हाय." त्यांची वाट अजून चौकाकडेच जात होती.

एक दिवस जाऊबाईंनी ताटावर बसतानाच सांगितलं की इंदापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर बदली मागितली होती, ती झाली, तिथे खोलीही आहे. आबांचा घास हातात राहिला.

"कुणाला इचारून?"

"माझी नोकरी हाय, आबा. पोरं कुठंबी टोचली तरी पोरंच."

जायच्या सकाळी त्यांनी गोठ्यातून लुना बाहेर काढली. तिच्यावर इतक्या महिन्यांची कोंबड्यांची घाण बसली होती. ती त्यांनी ओल्या फडक्याने पुसली. आबा ओसरीवरून बघत होते.

"ती कशाला नेती? एष्टीनं जा. पेट्रोल जाळत बसशील."

जाऊबाईंनी पदर खोचला. "जाळलं तर पेट्रोलच जाळीन, आबा. दुसरं काय न्हाय."

दीर मोटरसायकलवर बसले होते. त्यांनी इंजिन चालू केलं, कुठे जायचं होतं म्हणून नव्हे, बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. लुनाची टाकी कोरडी होती. जाऊबाईंनी हँडल धरलं आणि मी मागून कॅरिअर. पिशवी माझ्या खांद्याला. दोघींनी लुना ढकलत फाटकाबाहेर काढली, कॅनॉलच्या रस्त्याने, चढावर, टपरीसमोरून. टपरीवरचे म्हणाले, "काय हो नर्सबाई, पेट्रोल संपलं का?" त्या म्हणाल्या, "संपवलं." आणि ढकलत राहिल्या.

पंपावर त्यांनी टाकी भरून घेतली. पायडल मारलं. पहिल्यांदा घसरलं, दुसऱ्यांदा इंजिन लागलं. धूर आला, पण तो नुसता धूर होता. त्यांनी आपला पदर उचलून नाकाला लावला, मग माझ्यासमोर धरला.

"बघ."

साबणाचा वास होता.

त्या पुन्हा सांगवीला राहायला आल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत तिकडेच पोरं टोचत राहिल्या. मी पुढे बारामतीत राहायला गेले आणि सुट्टीत त्यांच्याकडे जाई. त्या सुखी होत्या की नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या खोलीत रॉकेलचा डबा नव्हता, एवढं बघत असे.

गेल्या वर्षी दहाव्याला दीर सगळ्यांत पुढे बसले होते. लोक त्यांचं सांत्वन करत होते. त्यांनी लोकांना सांगितलं, "तिला फिरायची हौस. लुना मीच घेऊन दिली व्हती." मग जेवण झालं आणि त्यांनी हात पुढे करून गुळाचा खडा मागितला. कुणीतरी दिला. मी उठून बाहेर आले.

लुना जाऊबाईंच्या भावाने माझ्याकडे आणून ठेवली. ती जिन्याखाली उभी आहे. चालत नाही. टाकी कोरडी आहे.