गालावरचा जांभळा

निवृत्त झाल्यावर मी नेरूळमध्ये तैलचित्रांचा क्लास लावला तो एकाच हट्टापायी. मला सासूबाईंचं पोर्ट्रेट करायचं होतं, आणि त्या बसायला अजिबात तयार नव्हत्या. "मी ही अशी काळी. दुसरं काहीतरी काढ जा," म्हणायच्या, आणि विषय संपायचा. त्यांचा एकच फोटो हॉलच्या भिंतीवर होता, लग्न जमवताना स्थळाला दाखवायला काढलेला. फोटोग्राफरने फोटोवर ब्रश फिरवून त्यांना इतकी गोरी केली, की लग्नात सासरच्या बायका नवरी बदलली की काय म्हणून टकामका बघत राहिल्या. हा किस्सा त्या हसत हसत सांगतात, पण सांगताना फोटोकडे बघत नाहीत.

क्लासच्या सरांनी मला थेट पोर्ट्रेटला हात लावू दिला नाही. आधी एका फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्राची नक्कल करा, म्हणाले. झाडाखाली टोपी घालून बसलेली एक बाई, तोंडावर पानांतून झिरपलेलं ऊन. मी नाक मुरडलं, पण सर माझ्याहून हट्टी निघाले. मग प्रिंट आणि कॅनव्हास घेऊन घरी बाल्कनीत ठाण मांडलं.

जवसाच्या तेलाचा वास लागला तशा सासूबाई बाहेर आल्या. "जवसाची चटणी करतात बाई, चित्रं कसली," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. मग रोजच बसायला लागल्या.

त्या फ्रेंच बाईच्या गालावर चक्क जांभळा होता, हनुवटीखाली हिरवा. माझा हातच धजेना. माणसाच्या तोंडाला हिरवा कसा लावायचा? मी गुपचूप अंगाच्या रंगाची तयार ट्यूब पिळली आणि तोंड कसं गुळगुळीत, गोरंपान करून टाकलं. स्वतःवर जाम खूश झाले. सासूबाईंनी चष्मा पुसून बघितलं.

"माझ्या त्या फोटोसारखी केलीस की गं. हिचं तोंडच गेलं."

असा राग आला मला. पण प्रिंटशी ताडून बघितलं, तर म्हातारी बरोबर बोलत होती. सुरी घेतली आणि सगळा रंग खरवडून काढला. सरांनी शिकवलं होतं तसे डोळे किलकिले करून, दिसेल तो रंग दिसेल तिथे ठेवत गेले. शेजारी सासूबाईही डोळे बारीक करून बसलेल्या. "इथं जांभळा राहिला बघ," असं चालू.

झाल्यावर त्यांनी दारापर्यंत मागे जाऊन बघितलं. जवळून नुसती ठिगळं होती, तिथून मात्र बाई मजेत उन्हात बसली होती.

"एवढी जांभळी-हिरवी, तरी ऐट बघ," म्हणाल्या. मग हळूच, "माझ्या तोंडावर पण असतील का गं असले रंग?"

"आहेत की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून त्या बाल्कनीत हजर. "गोरी केलीस तर याद राख."

बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायचा. मी जागं करायचे, त्या चिडायच्या. गालाला तांबूस तपकिरी लावला, कपाळावर सोनेरी, कानामागे गडद निळा. एवढे रंग रोज माझ्यासमोर चहा पीत होते आणि मला कधी दिसले नाहीत, याचं मला फार नवल वाटलं.

चित्र पुरं झालं तेव्हा त्या पुन्हा दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग हॉलमध्ये त्यांच्या फोटोखाली पेपर वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याला हाक मारली.

"अरे, मला लावायचंय तिथं. त्या गोऱ्या बाईला उतरव आता."