वाटणीची ओडीटी फाइल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याचा काटासुद्धा मी दोनदा बघते. त्यामुळे वडिलांच्या मागे देडतलाईच्या केळीच्या शेताची वाटणी निघाली आणि धाकट्या भावाने माझ्याकडे हक्कसोड मागितला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्याकडे बहिणी हिस्सा सोडल्याची सही करून मोकळ्या होतात. हा मात्र म्हणाला, "ताई, तुझा हिस्सा लिहितोच मी."

मसुदा त्याने स्वतः लॅपटॉपवर टाइप केला आणि मोबाइलवर पाठवला. फाइलच्या नावामागे ओडीटी. असलं शेपूट आमच्या शाळेच्या कार्यालयात मी कधी पाहिलं नव्हतं. घराजवळच्या, राजपुऱ्यातल्या टायपिंगच्या दुकानात ती उघडून घेतली. तक्ता आला, शेताचा नंबर आला, हिस्सेदारांच्या चौकटीत भावाचं नाव आलं. माझं नाही.

"दीदी, फाइल में इतना ही है," दुकानदार म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुकानाच्या पायरीवरूनच भावाला फोन लावला. "सहीपुरता गोड बोललास ना? वडील असते तर हिंमत झाली नसती तुझी. चोर आहेस तू."

तो एवढंच म्हणाला, "येतो मी."

दुपारच्या बसने लॅपटॉप घेऊन घरी आला. पाणीही न पिता फाइल उघडली. त्याच चौकटीत त्याच्या नावाखाली माझं नाव, बरोबरीचा हिस्सा. तरी मी म्हटलंच, "आत्ता बसमध्ये लिहिलं नाहीस कशावरून?"

तो मला दुकानात घेऊन गेला, सकाळचीच फाइल पुन्हा उघडायला लावली आणि चौकटीची खालची रेघ माउसने धरून खाली ओढली. माझं नाव बाहेर आलं. त्याचं फुकटचं सॉफ्टवेअर वेगळं, दुकानातलं वेगळं. त्याचा फॉन्ट इथे नव्हता, म्हणून अक्षरं मोठी झाली, चौकटीची उंची मात्र त्याने बांधून टाकलेली. दुसरी ओळ आत दबून गेली होती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं रे माझं," म्हटलं.

"होतं, ताई," म्हणाला आणि परतीची बस धरली.

वाटणीची नोंदणी झाली. अर्धं शेत आज माझ्या नावावर आहे. आता तो मला सगळं पीडीएफ करून पाठवतो, विजेचं बिलसुद्धा. यंदा आखाजीच्या सणाला माहेरी बोलावणारा फोन आला नाही. पीडीएफ आली. एका ओळीची, खाली त्याची सही.