अधिकातली पंचमी

माझ्या आईचा जन्म धोंड्याच्या महिन्यातला. अधिक भाद्रपद, शुद्ध पंचमी. इंग्रजी तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक जून टाकली होती, आणि साताऱ्याकडच्या तिच्या गावात निम्म्या पोरांची तीच तारीख होती. अधिक महिना तीनेक वर्षांनी येतो खरा, पण दर वेळी वेगळाच महिना अधिक होतो. भाद्रपदाची पाळी यायला बहुतेक एकोणीस वर्षं लागतात. एरवीच्या वर्षी तिची पंचमी म्हणजे ऋषिपंचमी. घरात गणपती, आईला उपास, आणि बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही म्हणून ताटात ती ऋषीची भाजी. वाढदिवसाला कंदमुळं काय खायची? मला लहानपणापासून त्याचा वैताग होता.

पाडव्याला बाबा पंचांग आणायचे. आमच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये ते आधी बाबांच्याच हातात. कुठल्या नक्षत्राचं वाहन बेडूक, कुठल्याचं गाढव, हे बघून यंदा पाणी मिळणार की टँकर मागवावा लागणार, यावर ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाषण ठोकायचे. मी राशीभविष्याला नाक मुरडायचे आणि तेच आधी वाचायचे. आईचा नंबर शेवटी, ओटा पुसून झाल्यावर. एकादशा, ग्रहणं, संकष्टीचा चंद्रोदय ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून घ्यायची.

त्र्याण्णवच्या पाडव्याला तिनं एका पानावर बोट ठेवलं आणि मला हळूच म्हणाली, "माझा महिना आलाय."

मग तिनंच सगळं सांगितलं. पहिल्यांदा तो महिना आला तेव्हा ती नवी नवरी होती. सासूबाई म्हणाल्या, मलमासात कसला वाढदिवस, पुढच्या निज भाद्रपदात करू. निजात म्हणजे पुन्हा ऋषीची भाजी. दुसऱ्यांदा आला तेव्हा घरात सुतक. आता घर आपलं होतं, अडवणारं कुणी नव्हतं. तिला साडी नको होती, केक तर नकोच. उपासाविना गोडाधोडाचं जेवायचं आणि पाटावर बसवून कुणीतरी ओवाळायचं, बस्स. बाबांना सांगू नकोस, हसतील, म्हणाली. मी कॉलेजात होते. श्रीखंड मी करणार, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पण धोंड्याचा महिना जावयाचाही असतो ना! ताईचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. पहिला धोंडा, त्यामुळे ताईच्या सासूबाईंनी आडून आडून दोनदा विचारलं होतं. दाजी उरणला, बंदरात नोकरी, शिफ्ट ड्युटी. ताईचा शेजाऱ्यांकडे फोन आला, यांना एकच रविवार सुट्टी आहे. आईनं भिंतीकडे पाहिलं. रविवार, अधिक पंचमी. ती एवढंच म्हणाली, "हो, या की."

मी फणफणले. ती म्हणाली, लेकीचं सासर आहे, टेन्शन नको. आणि तांदूळ भिजत घातले.

त्या रविवारी सकाळपासून ती गॅससमोर. पहिले अनारसे हसले, म्हणजे तुपात पसरून विरघळले. ती घाबरली, पिठात आणखी पीठ मळलं. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, वर आमटी-भात. दाजी बिचारे भले माणूस, संकोचून बसले होते. ताई आणि ते पाटावर. आईनं दोघांचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, अनारशांचं ताट पुढं करून ओवाळलं. निरांजन तिनं माझ्या हातात दिलं, आतून विड्याचं ताट आणायला वळली, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, आज आईचा..."

आईनं माझं मनगट धरलं. "ते देवापुढं ठेव," म्हणाली. जावयासमोर माझा पाणउतारा करू नकोस, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. मी ठेवलं. त्या निरांजनाचा मला आजही राग येतो, आणि माझ्या आज्ञाधारकपणाचा त्याहून जास्त.

चारच्या बसनं ती दोघं उरणला गेली. बाबा आडवे झाले. मी पाट पुन्हा मांडला, वात लावली, आईला हाक मारली. ती मोरीत कढई घासत होती. सकाळपासून तिनं धोंडा चाखलासुद्धा नव्हता. तुपाच्या वासानं जेवण जात नाही म्हणून चहावर होती.

"आता नको गं," ती म्हणाली. "पाय राहिले नाहीत. पुढच्या खेपेला कर."

"पुढची खेप कधी, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे की. तोवर मी कुठं जातेय?"

मी चिडून वात विझवली. कढई मात्र तिच्याकडून घेतली, तेवढंच.

पुढचा अधिक भाद्रपद आला तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ताईनं मोठ्या बहिणीच्या नात्यानं मला आणि माझ्या नवऱ्याला धोंड्याला बोलावलं. मी म्हटलं, कुठल्याही दिवशी येतो, पंचमीला नाही. त्या दिवशी मी श्रीखंड केलं आणि पाट मांडून तिचा फोटो त्यावर ठेवला. गेलेल्या माणसाला वाढदिवसाला ओवाळतात की नाही, मला माहीत नव्हतं. मी अख्खं पंचांग पालथं घातलं. असलं काही अडलं की मी आईलाच विचारायचे.