चाकाखालची लिंबं

परवा एका गॅरेजपाशी डिझेल आणि ओल्या पिवळ्या रंगाचा वास एकत्र आला आणि माझी उजवी पोटरी आपोआप ताठली.

सुकापूरच्या काकांनी भंगारातून आणलेलं खोदकामाचं लोडर मशीन तीन वर्षं अंगणात खपून चालू केलं होतं. दसऱ्याला पूजा ठरली, नारळ फोडायला गावचे पुढारी आले. हँडब्रेकची तार अजून बसवायची राहिली होती आणि अंगण उतरतं, म्हणून चाकांना विटा लावल्या होत्या. मला केबिनमध्ये बसवून काकांनी त्या काढल्या आणि तिथे लिंबं ठेवली.

"काका, विटा राहू द्या ना!"

"आरं, फोटोत इटा दिसतील. तू ब्रेक सोरू नको, काय होत नाय."

पुढारी मशीनसमोरच उभे राहून विकासावर बोलू लागले. त्यांच्यामागे खुर्च्यांवर माझ्या तीन आत्या. पाय थरथरायला लागल्यावर मी हॉर्न दाबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढाऱ्यांना आणखी जोर चढला.

शेवटी पाय सटकलाच. मशीन वीतभर पुढे सरकलं, लिंबं फुटली, मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"मशीनलाही घाई झाली!" पुढारी म्हणाले. सगळे हसले. काका तेवढे पांढरेफटक पडले होते.

तेव्हा त्यांचा फार राग आला होता. तीन वर्षं एकट्याने गंज खरवडणाऱ्या माणसाला एक देखणा फोटो हवा होता, हे आता कळतं. तरी विटा मी आजही काढू दिल्या नसत्या.