न मारलेली लाथ

तर काल नाथाजीची बाज राहीबाईच्या अंगणात टेकली आणि तुम्हाला जेवायला हाक आली, तिथंच राहिलं होतं आपलं. नव्यानं आलेल्यांसाठी थोडं मागून सांगतो.

गोष्ट कुंडलची, मोठी लढाई संपली त्या सालची. राहीबाई पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसानं लाथ मारली की कमरेची उसण जाते, ही आपल्याकडची पक्की समजूत. त्यामुळं दर रविवारी दिवस उगवायच्या आत तिच्या दारात उघड्या पाठी हजर. घामट, तेलकट, बिब्ब्यानं उतलेल्या. राहीबाई नंतर राखेनं पाय घासायची, तरी तिला भाकरी गोड लागायची नाही. सासू साळूबाई मात्र खुशाल नारळ गोळा करायची.

नाथाजी राहीबाईचा धाकटा दीर, मळ्यातल्या वस्तीवर राहणारा. सांगलीच्या बाजारात गुळाची ढेप उचलताना कमरेत कळ आली ती थेट पायात उतरली. तिथल्या डॉक्टरनं बजावलं, मणक्यातली गादी सरकून पायाची शीर दाबलीय. कठीण फळीवर निजवा, तुडवू नका, लघवी अडली तर तडक आणा. घरच्यांनी ऐकलं काय, तर 'सरकलीय' एवढंच. सरकलीय ना, मग ढकलून बसवू! सिद्धू पैलवान पाठीवर उभा राहून नाचला. कुणी तापल्या विळ्याचे डाग दिले. डाग चिघळले, माशा बसायला लागल्या. आता उरली होती लाथ.

बाजेभोवती सारी आळी जमली होती. साळूबाई म्हणाली, "हान गं. गावाला लाथा घालतीस, घरच्याला काय म्हूरत बगाय पायजे?"

नाथाजी पालथा पडून कण्हत होता. "वयनी, हाना एकदाची. पेरणीला उभा ऱ्हायलो पायजे मी."

राहीबाईनं त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून करकचून दाबला. "भावजी, कळतंय का?"

"कवा दाबताय?"

तिला डागांतल्या पुवाच्या वासाची किळस आली, आणि मान उंचावून लाथेची वाट बघणाऱ्या तोंडांची जास्त आली. आजवरच्या उसणी चार दिवसांनी आपसूकच गेल्या असत्या, हे तिला कधीचं ठाऊक होतं. पण हा पाय मरत चालला होता, आणि ह्यांना गंमत बघायची होती.

ती आत गेली, माळ्यावरची रुंद फळी ओढून आणली आणि सोप्यात टाकली. "धरा चौघं. कमरेला हिसका न देता ह्येच्यावर निजवा. सिद्धूभावजी, तुमी लांब ऱ्हावा."

साळूबाईनं बोलणं टाकलं. पेरणी गेली. राहीबाई उकळल्या पाण्यानं डाग धूत राहिली. हळूहळू अंगठ्याला जाण आली, आणि दिवाळीच्या सुमाराला नाथाजी काठी टेकत बांधावर जाऊन आला.

मग साळूबाईचं तोंड उघडलं, ते पार रहिमतपूरपर्यंत ऐकू गेलं. "सुनंनं नुसता पाय दावला, गादी भिऊन जाग्याव बसली." पुढच्या रविवारी गाडी करून माणसं आली. साळूबाईनं आत हाक दिली, "चल गं, पावणं खोळंबल्यात."

राहीबाई धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, भावजी निजून बरं झालं आन नाव माज्या पायाचं झालं. ज्येला लाथच खायाची हौस हाय, त्येला ह्या म्हशीमागं बसवा, आन नारळबी तिच्याच म्होरं फोडा."